परड्यातली वाढलेली झाडं छाटायची हत्यारं: काय घ्यावं आणि काय दुकानातच ठेवावं

टिळकवाडी, हिंदवाडी, शहापूर, कॅम्प, बेळगावातल्या कुठल्याही जुन्या घरांच्या भागात कंपाऊंडच्या आत एखादा गुलमोहर नाहीतर सोनमोहर, गेटपाशी चाफा आणि भिंतीला लागून खोट्या अशोकाची रांग हमखास असते. लावताना कमरेएवढी असलेली ही झाडं आता गच्चीवरच्या सोलर हीटरवर सावली धरतात, पत्र्यावर घासतात आणि हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, तारांत शिरतात. त्यांच्या छाटणीसाठी बाजारात जी हत्यारं मिळतात, त्यांचं हे परीक्षण.

निकाल आधीच सांगून टाकतो. एकच वस्तू घ्यायची असेल तर ओढून कापणारी वाकड्या पात्याची करवत घ्या. दुसरी घ्यायची असेल तर चांगलं सिकेटर, म्हणजे डहाळ्या कापायची हातातली कात्री. लांब दांड्याची करवत तिसरी. बॅटरीवर चालणारी छोटी चेन सॉ, जिच्या जाहिराती सगळ्यात जास्त दिसतात, ती सगळ्यात शेवटी, आणि तीही खाली पडलेल्या फांद्यांचे तुकडे करण्यापुरतीच.

हा क्रम किमतीवरून लावलेला नाही. कापून झाल्यावर खोडावर काय उरतं, त्यावरून लावला आहे. फांदी जिथं खोडातून निघते तिथं नीट बघा. वरच्या बेचक्यात सालीची काळसर, खडबडीत रेघ उठलेली असते आणि फांदीच्या बुडाशी, विशेषतः खालच्या अंगाला, थोडा फुगीरपणा असतो. हा फुगीर भाग खोडाचा आहे, फांदीचा नाही, आणि जखम बंद करणारी नवी वाढ तिथूनच येते. काप या फुगीर भागाच्या लगेच बाहेर पडला पाहिजे. आत गेला, म्हणजे खोडाला घासून सपाट कापलं, की जखम विनाकारण मोठी होते आणि तिला बंद करणारा भागच निघून जातो. बाहेर गेला, म्हणजे वीतभर खुंट ठेवला, की तो वाळतो, कुजतो, आणि ती कूज पुढं खोडात उतरते. जुन्या गुलमोहरांच्या खोडात ज्या ढोल्या दिसतात त्यांतल्या बऱ्याचशा अशाच चुकीच्या कापांतून सुरू झालेल्या असतात. काप बरोबर बसला असेल तर पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच्याभोवती बांगडीसारखा गोल वळ उठलेला दिसतो. वळ फक्त दोन बाजूंना उठला आणि वर-खाली नाही, तर काप आत गेला होता असं समजा.

अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी आयुष्यभर खोडं उभी चिरून हेच दाखवलं. झाड जखम आपल्या कातडीसारखी भरून काढत नाही. कुजका भाग आतल्या आत भिंती घालून कोंडतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. म्हणून हत्याराची पहिली परीक्षा अशी: त्या अरुंद बेचक्यात शिरून, साल न फाडता, हव्या त्या कोनात ते कापू शकतं का?

ओढून कापणारी करवत

सुताराची करवत ढकलताना कापते, ही ओढताना कापते. ओढताना पातं ताणलेलं राहतं, म्हणून ते पातळ असलं तरी चालतं, आणि पातळ पातं अरुंद बेचक्यात शिरतं. वाकडेपणामुळं ओढताना दाते आपोआप लाकडात रुततात. डोक्याच्या वर हात करून कापताना जोर लावावा लागत नाही, नुसतं ओढायचं.

लांबी निवडताना साधा हिशेब असा, की पातं फांदीच्या जाडीच्या निदान दुप्पट हवं. ३०० मिलिमीटरच्या पात्यानं पंधरा सेंटीमीटरपर्यंतची फांदी आरामात कापता येते. घरच्या झाडांना एवढं भरपूर आहे. त्याहून जाड फांदी असेल तर ते काम घरचं नव्हे. १८० मिलिमीटरची खिशात मावणारी करवत दिसायला सुबक असते, पण सात-आठ सेंटीमीटरच्या पुढं तिचा उपयोग नाही.

दाते बघताना मोठे दाते निवडा, इंचाला सहा ते आठ. ओल्या लाकडाचा भुसा चिकट आणि ओला असतो. बारीक दात्यांत तो बसतो आणि करवत जाम होते. घरातली लाकडाची किंवा लोखंड कापायची करवत झाडावर नेली की होतं ते हेच. चांगल्या छाटणी करवतीच्या प्रत्येक दात्याला तीन बाजूंनी धार असते. अंगठ्यानं हलकेच आडवं चाचपलं की ती जाणवते.

दात्यांची टोकं निळसर-काळी दिसली तर ती फक्त टोकाला कडक केलेली आहेत असं समजा. असे दाते खूप टिकतात, पण त्यांवर कानस चालत नाही, नुसती घसरते. धार गेली की पातंच बदलायचं. म्हणून घेतानाच विचारा: सुटं पातं मिळतं का? मिळत नसेल तर करवत कितीही चांगली असो, ती दोन-तीन हंगामांची पाहुणी. टोकं पांढरी, बाकीच्या पात्याच्या रंगाचीच असतील तर तिकोनी कानशीनं धार लावता येते. त्यासाठी दुकानात न्यायची गरज नाही, पण प्रत्येक दात्याला सारखेच घासे द्यावे लागतात, नाहीतर करवत एका अंगाला पळते.

दुमडणारी घ्यावी की सरळ म्यानातली? बहुतेकांना दुमडणारी सोयीची वाटते, आणि पंधरवड्यातून एकदा वापरणाऱ्याला ती पुरते. घेताना पातं पूर्ण उघडा, टोक चिमटीत धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. बिजागरीत खेळ जाणवला तर ती नको. नवीनपणी जो खेळ किंचित आहे तो सहा महिन्यांत बराच वाढतो, आणि पातं वाकून मोडतं ते तिथूनच. लॉक उघडलेल्या आणि बंद अशा दोन्ही अवस्थांत बसतं का तेही बघा. जपानच्या सिल्की करवती या कामात जगभर नावाजलेल्या आहेत आणि त्यांचा काप खरोखर रंधा मारल्यासारखा गुळगुळीत येतो, पण किंमत देशी करवतीच्या कितीतरी पट. घरच्या चार झाडांसाठी लुधियानाच्या फाल्कनसारख्या देशी कंपनीची तीनशे मिलिमीटरची करवत पुरेशी आहे. ज्यांच्याकडे खानापूर रोडला किंवा गावाकडं अर्धा एकर बाग आहे, त्यांनी महागडीचा विचार जरूर करावा.

या करवती बिघडतात त्या एकाच कारणानं: कापत असताना घाईनं पुढं ढकलल्या जातात. ढकलताना पातळ पातं वाकतं आणि एकदा मोड पडला की तो पूर्ण सरळ होत नाही. फांदी खाली बसायला लागून काप मिटला आणि पातं आवळलं गेलं, तर ओढू-ढकलू नका. दुसऱ्या हातानं किंवा दोरीनं फांदी जराशी उचला, पातं मोकळं होतं.

चाफा, फायकस, कण्हेर कापल्यावर पात्यावर चीक वाळतो आणि गोंदासारखा बसतो. टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसा, सुकवा, मग शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की तेल न लावलेलं पातं आठवड्यात तांबडं पडतं. एका झाडावर बुरशी किंवा कूज दिसली असेल तर दुसऱ्या झाडाकडं वळण्याआधी पातं सत्तर टक्के स्पिरिटनं पुसा. ब्लीचिंगचं पाणी जंतू मारतं, पण पातंही खातं.

तीन काप, आणि लांब दांड्याची खरी अडचण

मनगटाहून जाड फांदी एका कापात कधीच उतरवू नये. पहिला काप खालून, खोडापासून हातभर, म्हणजे ३० ते ४५ सेंटीमीटर सोडून, जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा वरून, पहिल्याच्या चार-पाच सेंटीमीटर बाहेर, आरपार. फांदी मोडून पडताना साल फाटत आली, तरी ती फाट पहिल्या कापापाशी थांबते. तिसरा काप उरलेल्या खुंटाचा, फुगीर भागाच्या लगेच बाहेर, आणि हा खुंट दुसऱ्या हातानं धरून ठेवायचा. पहिला काप वगळला तर फांदी पडताना खालची साल खोडावरून हातभर सोलून नेते. दहा सेंटीमीटर जाड आणि तीन मीटर लांब ओल्या गुलमोहराच्या फांदीचं नुसतं लाकूड पंधरा-वीस किलो भरतं. एवढं वजन सालीवर लोंबकळलं की साल फाटणारच.

आता लांब दांड्याची करवत घ्या. जमिनीवर उभं राहून कापता येतं, शिडी लागत नाही, हा तिचा मोठा गुण. पण दांड्यावरून खालचा काप नीट देता येत नाही. वर ढकलायला ताकद नसते आणि पातं ओढून कापणारं असतं. उपाय असा, की टोकाकडून सुरुवात करा. फांदी मीटर-मीटरच्या तुकड्यांनी कमी करत आत या. प्रत्येक तुकडा हलका असतो, त्यामुळं साल फाटत नाही, आणि शेवटी हातभर खुंट उरला की त्याचं वजन इतकं कमी असतं की वरून एकच काप पुरतो. पात्याच्या बुडाशी आकडा असलेली करवत घ्या. तुटून वर अडकलेली डहाळी त्यानं ओढून काढता येते.

दांडा बहुतेक दुकानांत अ‍ॅल्युमिनियमचा, सरकवून लांब होणारा मिळतो. पूर्ण पाच मीटर उघडला की टोक इतकं हलतं की पातं एका जागी रुतत नाही, नुसतं साल खरवडतं. चार मीटरच्या आतच तो खऱ्या अर्थानं चालतो. नळ्या एकमेकींत पिळून आवळायच्या असतील तर घामट हातानं त्या सैल पडतात. भोकात बसणाऱ्या बटणाच्या खिटीचा दांडा जास्त भरवशाचा. पात्याच्या बुडाला एकच स्क्रू असेल तर पातं फिरतं, म्हणून दोन बोल्टचं घ्या. नुसतं पातं मिळालं आणि दांडा घरचा बांबू वापरायचा असेल, तर उद्यमबागेतल्या कुठल्याही लेथवाल्याकडून बांबूच्या जाडीची नळी आणि दोन भोकांची पट्टी करून घ्या. सहा मिलिमीटरचे बोल्ट आणि लॉक नट लावायला सांगा. साधे नट झटक्यांनी सुटतात आणि पातं खाली येतं ते थेट कापणाऱ्याच्या अंगावर.

तारांचं मात्र निक्षून सांगायला हवं. अ‍ॅल्युमिनियमचा दांडा वीज वाहून नेतो. ओला बांबूही नेतो, आणि ओली फांदी स्वतःच नेते. तारेपासून फांदी तीन मीटरच्या आत असेल तर कुठलंही हत्यार उचलू नका. १९१२ वर फोन करा किंवा हेस्कॉमच्या आपल्या सेक्शन ऑफिसला अर्ज द्या. लाइन बंद करूनच ते काम होतं. फायबरचा दांडा घेतला म्हणून यात सूट मिळत नाही. तो ओला झाला किंवा त्यावर धूळ-चीक बसली की त्याचाही भरवसा नाही.

कापताना फांदीच्या थेट खाली उभं राहू नका. दांडा साठ-सत्तर अंशात तिरका ठेवा, डोक्यावर हेल्मेट आणि डोळ्यांवर साधा चष्मा असू द्या. वर बघून कापताना भुसा डोळ्यांतच येतो.

दांड्याला दोरीनं ओढायचं कात्रीसारखं डोकंही मिळतं. अंगठ्याएवढ्या डहाळ्यांना ते छान, पण दाट फांद्यांत दोरी अडकते. बोगनवेलीत तर नकोच.

सिकेटर आणि लॉपर

दोन सेंटीमीटरपर्यंत सिकेटर, चारपर्यंत लांब मुठींचा लॉपर. त्याच्या पुढं करवत. ही मर्यादा मोडली की सिकेटर पिळावं लागतं आणि पिळलं की दोन पाती एकमेकांपासून दूर होतात. मग ते कापत नाही, चावतं.

दोन प्रकार असतात. एकात धारेचं पातं दुसऱ्या जाड पात्याशेजारून कात्रीसारखं जातं. दुसऱ्यात धारेचं पातं सपाट पट्टीवर येऊन आपटतं. ओल्या, जिवंत डहाळीला पहिला प्रकारच हवा, कारण दुसरा ती चेचतो. वाळक्या काटक्यांना दुसरा चालतो. दुकानात एक वहीचा कागद कापून बघा. टोकापर्यंत स्वच्छ कापला तर घ्या, टोकाला कागद दुमडला तर परत द्या. मुठीतली स्प्रिंग आणि मधला बोल्ट सुटा मिळतो का तेही विचारा. स्वित्झर्लंडच्या फेल्कोचा सिकेटर पन्नास-पन्नास वर्षं चालतो असं म्हणतात ते यामुळंच, की त्याचा प्रत्येक भाग सुटा बदलता येतो. देशी सिकेटरची स्प्रिंग उडून हरवते ही नेहमीची रड आहे, दोन जादा आणून ठेवा.

धरण्याची बाजूही महत्त्वाची. धारेचं पातं खोडाकडं आणि जाड पातं बाहेर, म्हणजे काप जवळ बसतो. उलट धरलं की प्रत्येक ठिकाणी अर्धा सेंटीमीटरचा खुंट राहतो. धार लावताना फक्त उताराच्या बाजूनं, आहे त्याच उतारावर. सपाट बाजू घासली तर दोन पात्यांत फट पडते आणि सिकेटर कायमचं बाद होतं.

बॅटरीची छोटी चेन सॉ

चार, सहा, आठ इंची पट्टीची (साखळी जिच्याभोवती फिरते ती पट्टी) ही यंत्रं ऑनलाइन स्वस्तात मिळतात आणि डब्यावर ४८ व्होल्ट, कधी त्याहून मोठा आकडा छापलेला असतो. बॅटरी उघडली तर आत पाच सेल ओळीनं जोडलेले असतात. पाच सेल पूर्ण चार्ज झाले की २१ व्होल्ट भरतात, त्याहून जास्त नाही. छापील आकड्यावर जाऊ नका, सेल किती आणि अ‍ॅम्पिअर-अवर किती ते विचारा.

यंत्र वाईट आहे असं नाही. सहा इंचीनं आठ-नऊ सेंटीमीटरची ओली फांदी काही सेकंदांत पडते. अडचणी तीन. पहिली, स्वस्त यंत्रांत साखळीला तेल पोचवणारा पंपच नसतो. दर चार-पाच कापांनी हातानं तेल सोडावं लागतं. सोडलं नाही तर साखळी तापते, ताणते, पट्टीतून उतरते. दुसरी, ताण. साखळी पट्टीच्या मधोमध बोटानं उचलली की दोन-तीन मिलिमीटर उठावी आणि हातानं फिरवली की मोकळी फिरावी. नवी साखळी पहिल्या अर्ध्या तासात सैल पडतेच, तेव्हा थांबून पुन्हा आवळा. तिसरी सगळ्यात मोठी: पट्टीच्या टोकाचा वरचा भाग कशाला लागला की यंत्र उसळून मागं येतं. एका हातानं धरलेलं, डोक्याच्या वर, शिडीवर उभं राहून, हे सगळं एकत्र आलं की काय होईल ते सांगायला नको.

शिवाय ते इतक्या सहज कापतं की हात आपोआप खोडाला लावून सपाट काप घेतो, आणि फुगीर भाग गेला तरी कळत नाही. करवतीनं हळू कापताना पातं कुठं चाललंय ते दिसतं, दोन ओढींनंतर कोन सुधारता येतो. म्हणूनच ही सॉ जमिनीवर ठेवलेल्या फांद्यांचे तुकडे करायलाच वापरा. तिथं ती खरोखर वेळ वाचवते.

कोयत्याबद्दल थोडक्यात. नारळ-पामच्या झावळ्या, बोगनवेलीचे बाहेर आलेले शेंडे, खाली पडलेल्या डहाळ्या यांना कोयत्यासारखं काही नाही. उभ्या झाडाच्या फांदीवर मात्र नको. घाव तिरका बसतो, साल चिरते, आणि लाकडात बारीक उभ्या फटी जातात. त्या फटींत पावसाचं पाणी उतरतं.

शिडी जी फांदी कापायची तिलाच कधी टेकवू नका. वजन गेलं की उरलेली फांदी वर उसळते आणि शिडीचा आधार सुटतो. खोडाला टेकवा, वरच्या पायरीशी दोरीनं बांधा.

कुठलं झाड, कधी

हत्यार चांगलं असूनही वेळ चुकली तर नुकसान होतंच. बेळगाव शहरापासून पश्चिमेकडं, खानापूर-कणकुंबीच्या बाजूला पाऊस भरपूर. तिथं जून ते सप्टेंबर मोठे काप नकोत, उघडं लाकूड सुकतच नाही. अथणी-चिकोडीकडं हवा कोरडी, तिथं थोडी सूट मिळते. मोठ्या फांद्या काढायला दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर हा काळ उत्तम. एप्रिल-मेमध्ये फक्त वाळक्या आणि चिरलेल्या फांद्या काढा, पण त्या नक्की काढा. वळवाच्या वाऱ्यात गाड्यांवर पडतात त्या याच.

गुलमोहर आणि सोनमोहर हिवाळ्यात जड छाटले तर त्या उन्हाळ्यात फुलोरा कमी येतो. ते सोसावं लागतं. बहावा फुलून गेल्यावर हलकासाच छाटा. तामण नव्या वाढीवर फुलतं, त्याला हिवाळ्यात छाटलं तरी उन्हाळ्यात जांभळे तुरे येतात. चाफा पानं गळलेली असताना जानेवारी-फेब्रुवारीत कापा. प्रत्येक कापाखाली दोन-तीन फांद्या फुटतात, आणि काढलेले हातभर तुकडे आठवडाभर सावलीत सुकवून वाळूमिश्रित मातीत लावले की लागतात. बॉटल ब्रश फुलल्याबरोबर छाटावा, आणि पानं असलेल्या भागातच. मागच्या उघड्या जुन्या लाकडात कापला तर तिथून फुटेलच असं नाही. खोट्या अशोकाचा शेंडा मारला की तीन-चार शेंडे एकदम वर धावतात आणि रांगेचं रूपच जातं. त्याचे फक्त बाजूचे तुरे आत घ्या. ख्रिसमस ट्री म्हणून लावलेल्या अरोकेरियाचा शेंडा तर हातही लावायचा नाही, तो पुन्हा तसा येत नाही. पामला वाढीचं टोक एकच असतं. फक्त आडव्या रेषेच्या खाली लोंबणारी, पिवळी पडलेली पानं काढा, हिरवी नाही.

कण्हेर आणि पिवळी बिट्टी यांची लाकडं बंबात किंवा चुलीत घालू नका, त्यांचा धूर विषारी असतो. गुरांच्या गोठ्याजवळही टाकू नका.

एका वर्षात झाडाच्या हिरव्या पसाऱ्याचा चौथा हिस्सा ही वरची मर्यादा. म्हातारं झाड असेल तर त्याहूनही कमी. माणूस बोलावून काम देताना हेच आधी ठरवा. कुऱ्हाड-कोयता घेऊन येणारे बरेचसे "किती उंचीवर मारू?" असं विचारतात, म्हणजे सगळा वरचा भाग एका पातळीत उडवायचा. तसं करू देऊ नका. उघड्या पडलेल्या बुंध्यावर दाट धुमारे येतात, ते सालीलगत चिकटलेले असतात, आणि तीन-चार वर्षांत जाड झाले की वाऱ्यात तेच आधी मोडतात. कुठल्या फांद्या जाणार त्यांना खडूची खूण करा, फांद्या उचलून नेणं दरात आहे की नाही ते बोलून घ्या.

पूर्ण झाड काढायचं किंवा मोठं छाटायचं असेल तर १९७६ चा कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा लागू होतो. त्याच्या व्याख्येत फांद्या छाटून झाडाचं नुकसान करणंही "तोडणं" धरलं आहे. वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याकडं आधी अर्ज करा. आणि मार्च ते जूनमध्ये कापण्याआधी घरटी आहेत का ते बघा.

कापावर काय लावावं? डांबर, ऑइल पेंट, इंजिनचं जळकं तेल, शेण-माती यांतलं काहीच नको. ओल आत कोंडते. पाच सेंटीमीटरपर्यंतचा स्वच्छ काप उघडा ठेवला तरी चालतो. त्याहून मोठा असेल आणि पाऊस जवळ असेल तर बोर्डो पेस्टचा एक हात द्या. अथणीकडच्या द्राक्षबागायतदारांना हे पाठ असतं: शंभर ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात प्लास्टिकच्या भांड्यात विरघळवा, शंभर ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये विझवून गार करा, मग दोन्ही एकत्र ढवळा. लोखंडी भांडं नको. स्वच्छ खिळा त्यात मिनिटभर बुडवून काढा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घाला. पेस्ट त्याच दिवशी वापरा. तिनं जखम भरत नाही, फक्त वरची बुरशी थांबते.

छाटणीनंतर दोन-अडीच महिन्यांनी झाडाखाली पुन्हा जा. कापांच्या आसपास धुमारे फुटलेले असतात. पेन्सिलीहून बारीक असतील तर अंगठ्यानं मोडा, बुडासकट सहज निघतात. जिथं मोकळी जागा भरायला हवी तिथं बाहेरच्या दिशेला जाणारा एकच ठेवा. जाड झाले असतील तर सिकेटर, धारेचं पातं खोडाकडं.